टचिंगवाल्या गोदूताई

गोदूताईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, व्यंगं राहत. बाजारात कुणी नमस्कार केला की त्या क्षणभर टक लावून बघत आणि मग ओळख पटल्यासारखं म्हणत, "हां, डावी भुवई वर." आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्या लेखी 'दोन हनुवट्या' होत्या आणि मी 'कान पुढे आलेली मास्तरीण'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चांगलाच राग आला. घरी जाऊन आरशात पाहिलं, तर उजवा कान खरोखरच पुढे आलेला. इतकी वर्षं तो माझ्याच डोक्याला होता आणि मला पत्ता नव्हता.

त्यांचे भाऊ अण्णा यांचा रत्नागिरीत राम आळीच्या तोंडाशी फोटोचा स्टुडिओ होता. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं, त्या आधीचा हा काळ. स्टुडिओचा सगळा कारभार उन्हावर चाले. कौलांमध्ये उत्तरेच्या अंगाला काचा बसवलेल्या, समोर तळं आणि हंस रंगवलेला पडदा, आणि काळ्या फडक्यात डोकं खुपसून उभे असलेले अण्णा. लोकांना दिसायचं ते एवढंच. पण काचेची निगेटिव्ह धुऊन वाळली की ती मागच्या खोलीत गोदूताईंकडे जाई आणि खरा फोटो तिथे तयार होई. खिडकीशी तिरपी चौकट, तिच्यात ती काच, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. पेन्सिलीचे बारीक ठिपके देत त्या गालावरचे देवीचे वण भरून काढत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळत, खांद्याची उतरण सावरत. याला त्या 'टचिंग' म्हणत. घराणं सोनाराचं. वडिलांचा हात आणि डोळा भावाकडे न जाता बहिणीकडे आला होता, असं अण्णाच सांगत.

लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला आणि त्या भावाकडे परत आल्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. शेजारच्या घरांतून चैत्रात हळदीकुंकवाची गडबड सुरू झाली की त्यांना कुणी बोलावत नसे, आणि त्या मागच्या खोलीचं दार लोटून कामाला बसत. काम संपेपर्यंत चहाला शिवायच्या नाहीत, का तर हात थरथरतो. पेन्सिल अंबाड्यात खोचलेली असे. कित्येकदा ती तशीच घेऊन त्या देवळात यायच्या आणि कीर्तनाला बसलेल्या पुढच्या बाईचा पदर मागून हळूच सरळ करायच्या. त्या बाईला कळतही नसे.

"सरळ माणूस देवानं अजून केलेलाच नाही गो," त्या म्हणत. "त्यानं अर्धवट टाकलेलं काम आमच्याकडे येतं."

त्यांचा हा तोरा मी एकदाच उतरलेला पाहिला. राजिवड्याची एक म्हातारी आली होती. तिचा मुलगा खलाशी, गलबताबरोबर गेला तो परत आला नाही. जाण्याआधी त्यानं अण्णांकडे फोटो काढला होता, त्याची प्रत तिला हवी होती. प्रत हातात घेऊन तिनं बराच वेळ पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "ह्यो माजो इस्माइल नाय." अण्णा समजूत घालू लागले. म्हातारी आपल्या कपाळावर बोट ठेवून एवढंच सांगत राहिली की इथे खूण होती, लहानपणी गलबताच्या नांगराच्या साखळीवर पडला होता. ती खूण गोदूताईंनी भरून टाकली होती. त्या उठल्या, आतून काच घेऊन आल्या, टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तेवढी जागा पुसली आणि नवी प्रत काढून दिली. म्हातारीनं खुणेवरून बोट फिरवलं आणि प्रत घेऊन निघून गेली. त्या दिवशी गोदूताई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पेन्सिलीचं बरं असतं. पुसता येतं."

पुढे जे झालं ते पुसता येण्यासारखं नव्हतं.

माझ्या भावाची मुलगी शांता बारा वर्षांची झाली तेव्हा तिला न्हाऊ घालताना वहिनीला पाठीत काहीतरी निराळं दिसलं. उजव्या खांद्यामागचं पातं वर आणि मागे आल्यासारखं, कंबर एका बाजूला खोल गेलेली. दादा तिला बोटीनं मुंबईला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला उभी करून एक्स-रे काढला आणि काच उजेडासमोर धरून दादाला दाखवली. पाठीचा कणा मधोमध न जाता बाजूला वळून परत येत होता. दुखणं जिवावरचं नव्हतं. पण वाढीची वर्षं होती, आणि पोर वाढेल तसा बाकही वाढेल, असं डॉक्टर म्हणाले. पुढे बरगड्या दबल्या की श्वासालाही त्रास होतो. त्यावर उपाय एकच. चामड्याचा आणि पोलादी पट्ट्यांचा एक पट्टा अंगावर रात्रंदिवस घालायचा. आतून जागोजागी गाद्या, त्या बरोबर बाकावर दाबून बसल्या पाहिजेत. वाढ थांबेपर्यंत पट्टा घालायचा आणि पोर उंच होईल तसा तो बदलत राहायचा.

दर वेळी मुंबईला जाणं कुठलं जमायला. पावसाळ्यात तर बोटीच बंद. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ठराविक काळानं पाठीचे फोटो पाठवा. पाठ उघडी, केस वर बांधलेले, पाय जुळलेले, कॅमेरा दर वेळी तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच उंचीवर. एक्स-रेशी ते फोटो ताडून पाहून पट्टा कुठे घट्ट करायचा, कुठे गादी वाढवायची ते ठरवू.

प्रश्न आला तो असा, की बारा वर्षांच्या मुलीनं परक्या पुरुषासमोर पाठ उघडी करून उभं राहायचं कसं. वहिनी ऐकेना. अण्णाही संकोचले. शेवटी ते कॅमेरा नीट लावून अंगणात जाऊन बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोदूताई काळ्या फडक्याखाली शिरल्या.

मी आणि वहिनी तिथेच होतो. शांता पाठमोरी उभी राहिली, परकर घोट्यांखाली आलेला, आणि इतकी आक्रसलेली की बघवेना. गोदूताई फडक्यातून बाहेर आल्या. तिच्याजवळ गेल्या, आणि स्टुडिओत आलेल्या हरेक माणसाशी जसं बोलत तसंच तिच्याशी बोलल्या. "खांदे सैल सोड बाय. मान वर. असं. छान दिसत्येस." एक खांदा खाली आहे हे त्यांना दिसणारच. त्यांनी एक पातळ फळकुट आणून परकराखालून तिच्या डाव्या पायाखाली सरकवलं. स्टुडिओतली ही नेहमीची युक्ती होती. तेवढ्यानं कंबर आणि खांदा एका रेषेत आले. वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "जरा बघा हो गोदूताई. चार माणसांच्या हातात जाणार फोटो. उद्या पोरीचं लग्न व्हायचंय." गोदूताईंनी मान हलवली. नंतर काचेवर खांद्यामागच्या पात्याची सावलीही त्यांनी थोडी उजळली.

यात कुणाची लबाडी नव्हती. ज्या बाईनं जन्मभर वाकडं सरळ केलं तिच्यापुढे एक वाकडी पोर आली, आणि तिला तिची दया आली.

फोटो पाहून डॉक्टरांना समाधान वाटलं. बाक कमी होतोय, असं त्यांनी कळवलं, आणि पट्टा पार्सलनं मागवून घेऊन उजव्या बाजूची गादी पातळ करून परत पाठवला. आमच्या घरी त्या दिवशी गोड झालं.

तो पट्टा शांता न कुरकुरता घालत होती. तिची सवयच तशी होती. महिना गेला, दोन गेले. मग ती वर्गात बसताना एका हातावर भार देऊ लागली. मी विचारलं तर म्हणे काही नाही. एका संध्याकाळी ताप भरला म्हणून वहिनीनं पट्टा काढला तेव्हा कमरेच्या हाडावर कातडी सोलवटून जखम झालेली दिसली. आणि पाठ पूर्वीपेक्षा वाकलेली होती. मला काही डॉक्टरी कळत नाही, पण ते दिसायला डॉक्टर लागत नव्हता.

दादा संतापला. पट्टा करणाऱ्याला दूषणं देत तो मुंबईला तक्रार लिहायला बसला. शांता दिसली नाही म्हणून विचारपूस करायला गोदूताई त्याच वेळी आल्या होत्या. त्या तिच्या उशाशी गेल्या, पांघरूण बाजूला करून पाठ पाहिली आणि बाहेर ओटीवर आल्या.

"दादा, लिहू नका," त्या म्हणाल्या. "पट्टा बरोबर आहे. तो माझ्या फोटोबरहुकूम केलाय. फोटो खोटा होता."

त्यांनी फळकुटाचं सांगितलं. सावलीचं सांगितलं. वहिनी काय म्हणाली होती ते मात्र सांगितलं नाही. वहिनी दारात उभी होती, तीही बोलली नाही. दादानं लेखणी खाली ठेवली. जरा वेळानं वहिनीच तुटक आवाजात म्हणाली, "तुम्ही आता जा गोदूताई." आणि त्या गेल्या. मला तेव्हा वहिनीचा राग आला होता. आज वाटतं, स्वतःला जे बोलता येत नव्हतं तेच ती त्यांना बोलली.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एका बोटीनं दादा शांताला पुन्हा मुंबईला घेऊन गेला. नवा एक्स-रे निघाला. दादानं जे झालं ते खरं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. नव्या मापाचा पट्टा झाला. पण निघताना त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की या वाढीच्या काळात जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. आणि आता चार महिने बोट नाही, तेव्हा फोटो हेच माझे डोळे. या वेळी पाय दिसू द्या. आणि मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांवर खुणा करून मग फोटो काढा, म्हणजे कणा कुठून कुठे जातो ते मला एक्स-रेशी जुळवता येईल.

रत्नागिरीत दुसरी फोटो काढणारी बाई नव्हती. वहिनीनं दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाली, "जाऊन सांगा त्यांना."

आम्ही गेलो तेव्हा पाऊस लागला होता. स्टुडिओ ओळखू येत नव्हता. हंसांचा पडदा गुंडाळून कोपऱ्यात टाकलेला, मागची भिंत चुन्यानं पांढरी केलेली. वरून गवंड्याचा ओळंबा सोडलेला, दोरी स्थिर व्हावी म्हणून त्याचं शिसं पाण्याच्या भांड्यात बुडवलेलं. जमिनीवर दोन पावलं रंगवलेली, आणि कॅमेऱ्याच्या तिवईच्या तिन्ही पायांना खिळे ठोकून जागा बांधून दिलेली. अंबाड्यात पेन्सिल नव्हती. अण्णा म्हणाले, "बोट सुटल्यापासून हेच चाललंय तिचं."

खुणांचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. शाईनं करून पाहिलं, तर दमट हवेत पोरीच्या घामानं शाई ओघळली. काजळ फासलं गेलं. पुसून पुसून शांताची पाठ लाल झाली. मग गोदूताई खाली बघत म्हणाल्या, "लाल रंग आमच्या फोटोत काळा उमटतो. मेण लावून त्यावर कुंकू टेकवलं तर हलायचं नाही."

मेणावर कुंकू कसं बसतं हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. गोदूताईंनाही, कधीकाळी. पण कुमारिकेच्या अंगाला विधवेनं कुंकू लावायचं, ही गोष्ट आमच्याकडे तेव्हा कुणी उच्चारतही नसे. "मी लावत्ये," म्हणून मी पुढे झाले. वहिनीनं घरून करंडा मागवला. मी मेणाचं बोट पाठीवर ठेवलं, आणि मला मणकेच सापडेनात. जिथे हाड असेल असं वाटे तिथे नसे. मधोमध शोधायची सवय, आणि तो मधोमध नव्हताच. वहिनीनं प्रयत्न केला. तीही मधोमधच शोधत होती.

गोदूताई दूर उभ्या राहून म्हणाल्या, "तिसरं चुकलं. अजून उजवीकडे. नाही, वर."

वहिनीनं हात मागे घेतला. बराच वेळ ती आपल्या मुलीच्या पाठीकडे बघत राहिली. मग करंडा उचलून ती गोदूताईंसमोर गेली आणि झाकण काढून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "हाडं तुम्हाला सापडतात."

"वहिनी, विचार करा."

"केलाय. माझ्या सांगण्यावरून एकदा चुकलात. आता माझ्या सांगण्यावरून बरोबर करा."

गोदूताईंनी करंड्यात बोट बुडवलं. ते बाहेर काढून त्या क्षणभर नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मानेच्या मुळापासून त्यांनी सुरुवात केली. डाव्या हातानं चाचपायचं, मेण लावायचं, उजव्यानं कुंकू टेकवायचं. ठिपके खाली खाली गेले, उजवीकडे वळले, परत फिरले. ओळंब्याच्या सरळ दोरीशेजारी ती लाल वाट लांबूनही स्पष्ट दिसत होती. नंतर त्या शांताला म्हणाल्या, "आता सरळ उभी राहू नको हां बाय. विहिरीवर कळशी भरायची वाट बघत उभी असतेस ना, तशी राहा. कुणासाठी नाही." शांतानं श्वास सोडला. खांदा आपल्या जागी, खाली, गेला. पावसाळी उजेडात काच बराच वेळ उघडी ठेवावी लागली, पण शांता हलली नाही.

त्या काचेला पेन्सिल लागली नाही. पुढे तीन-चार वर्षं दर खेपेला हेच चाललं. वहिनी करंडा धरी, गोदूताई ठिपके देत. गावात कुजबुज झाली, एका लग्नात वहिनीला कुणी टोचून बोललंही. वहिनी म्हणाली, "पोर माझी, कुंकू माझं," आणि विषय संपवला. बाक वाढायचा थांबला. जखमेच्या काळात जो वाढला होता त्यातला थोडा कमी झाला, सगळा नाही.

या बाईंची माझ्याकडची शेवटची आठवण अशाच एका सकाळची आहे. शांताची वाढ पुरी झाली होती. या फोटोनंतर पट्टा कायमचा उतरवायचा, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. टचिंगनं गोदूताईंचे डोळे तोवर अधू झाले होते. कॅमेऱ्यातलं त्यांना दिसत नसे, ते मी पाहिलं. ठिपके मात्र त्यांनीच दिले, बोटांनी शोधून. फोटो निघाला. वहिनी करंडा धुवायला मागे गेली. गोदूताई खोबरेलात कापूस बुडवून शांताची पाठ पुसायला बसल्या. पुसता पुसता मधेच त्यांचा हात थांबला, जिथे बाक सगळ्यात जास्त होता तिथे.

"ह्यातला माझा किती गो?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. शांतालाही ठाऊक होतं. ती न वळता म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, काहीच नाही मावशी. तो होताच तेवढा."

तळहात तिथेच होता.

"अगो," त्या म्हणाल्या, "तू पण टचिंग शिकलीस होय."

गोदूताईंनी कापूस पुन्हा तेलात बुडवला आणि राहिलेले ठिपके, वरून खाली, एकेक करून पुसून काढले.